शेजारघरची भाकर

प्रिय एल्दो,

पाकिटामागचं नाव वाचून तुझा हात थबकला असेल. थबकू दे, पण पत्र फाडू नकोस. मी कोण हे तुला सांगायला नको, तरी एकदा लिहून टाकते, म्हणजे आपल्या दोघांतलं अवघडलेपण सुरुवातीलाच संपेल. मी शोशाम्मा, तुमच्या शेजारची. बेसिलची आई. तुझ्या गाडीखाली गेलेल्या बेसिलची आई. झालं, लिहिलं. इतकी वर्षं हे वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकून होतं, आणि कागदावर बघ, एवढंसं निघालं.

परवा चर्चमधून बाहेर पडताना आपल्या पाद्री अच्चननी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "शोशाम्मे, एल्दो सुटतोय. झावळ्यांच्या रविवारच्या आधी बाहेर येईल. पण गावी येत नाही म्हणतो. तिकडून परस्पर कुर्गला जाणार, आल्याच्या शेतावर कुणीतरी काम देतंय." मी म्हटलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" तर म्हणाले, "मी काय म्हणणार? म्हटलं, देव तुझ्याबरोबर जावो." मी म्हटलं, "वा अच्चन! देवाला कुर्गला धाडून मोकळे झालात. आणि त्याच्या घराची किल्ली माझ्या कंबरेला आहे, तिचं काय करू?" अच्चन हसले, पण मला हसू आलं नाही. घरी येईपर्यंत एकच डोक्यात होतं. तू येऊ नयेस असं ज्यांना वाटावं, त्यांत पहिलं नाव माझं. तेव्हा ये म्हणायचं तर तेही मीच म्हणायला हवं, दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याला अर्थ नाही. म्हणून लिहायला बसले आहे. खरं कारण आणखी एक आहे, ते शेवटी सांगेन. मला सगळं आधी सांगून टाकायची खोड आहे, तुला माहीत आहे, पण आज दम धरणार आहे.

आधी घरची खबर. तुमच्या अंगणातला फणस यंदा बुंध्यापासून लगडलाय. तुझी आई असती तर अर्ध्या गावाला वाटून पुन्हा "यंदा फळ बेताचंच" असं कुरकुरली असती. तुमच्या मागच्या पडवीची कौलं माकडांनी सरकवली होती, पैलीने माणूस आणून नीट करून घेतली. पैलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर स्वतःच्या बायकोकडे नीट बघून म्हणतो, "शोशे, तू म्हातारी कधी झालीस ग?" मी म्हटलं, "तुझी नजर गेली त्या दिवशी." असं आमचं चाललंय. घर शांत असतं. फार शांत असतं, खरं सांगायचं तर.

तुम्ही दोघं पोरं होता तेव्हा या घरात शांतता कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. कोदमंगलमच्या संताचं जोडनाव तुम्हा दोघांत वाटून टाकलं होतं, पहिलं बेसिलला, दुसरं तुला. तुझी आई म्हणायची, "एका संताला दोन घरांत राबवतोय आपण." तुझे वडील लवकर गेले, तुझी आई एली दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात रबराचा चीक गोळा करायची, आणि तू माझ्या स्वयंपाकघरात वाढलास. तुझ्या आईला तू अम्मा म्हणायचास आणि मला अम्मच्ची. बेसिल तळलेल्या माशाचा मधला तुकडा उचलायचा, तू शेपटीचा घ्यायचास. मला वाटायचं, पोर लाजतंय. एकदा विचारलं तर म्हणालास, "अम्मच्ची, शेपटी कुरकुरीत असते. मधला तुकडा घेणारा मूर्ख आहे." तुझ्या गालावर तेव्हा पीठ लागलेलं होतं. कशाला आठवतं असलं सगळं, देव जाणे.

आता ती संध्याकाळ. तीही लिहिते. डिसेंबरचा महिना, नाताळची गाणी बसवायला पोरं चर्चमध्ये जमत होती. बेसिल चालत निघाला होता. तू माडीच्या दुकानात पीत बसून मग अननसाची गाडी घेऊन निघालास. रबराच्या मळ्याखालचं ते वळण, तिन्हीसांजेचा अंधार, आणि काहीतरी आपटलं. तू थांबलास. कोर्टात तू स्वतःच सांगितलंस की थांबलो होतो, आरशात बघितलं, कुणीतरी चरात पडलेलं दिसलं, आणि मग गाडी हाणली. कोण पडलंय हे तुला कळलं नव्हतं. ज्याच्या ताटातली शेपटी तू खाल्लीस तो आहे, हे तुला कळलं नव्हतं. बेसिल त्या चरात एकटा पडून राहिला. गाणी आटपून परतणाऱ्या पोरांना दिसला तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता. एल्दो, गाडीने माझं पोर गेलं हे मी कधीतरी गिळलं असतं. अपघात कुणाच्याही हातून होतो. पण तो तिथे एकटा होता, आणि कुणीतरी त्याला बघून निघून गेलं, हे मला जाळत राहिलं. रात्रंदिवस जाळत राहिलं.

आणि तू त्याच्या पेटीला खांदा दिलास. तेव्हा तुला कळलेलं होतं. मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते, आठवतंय? "एल्दो, आता तूच रे मला," असं म्हणाले होते. तुझं अंग लाकडासारखं झालं होतं. मला वाटलं, दुःखाने झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू आईला सांगितलंस, आणि तुझ्या आईने काय केलं ते तुझ्यापेक्षा गावाने जास्त बघितलं. पांढरा स्वच्छ चट्टा-मुंडू नेसली, तुझं मनगट धरलं, आणि भर बाजारातून चालवत पोलीस ठाण्यात नेलं. रिक्षा नाही केली. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. मग आमच्या दाराशी आली. आत नाही आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "शोशे, माझ्या पोराने केलं." एवढंच बोलून गेली. मी काय म्हणाले सांगू? मी तिच्या पाठीवर ओरडले, "तुझं पोर जिवंत आहे ना अजून!" ती वळली नाही.

गावाला बोलायला काय लागतं. "आई आहे का कसाई," म्हणणारे होते. "पोराला आत टाकून स्वतः साळसूद झाली," म्हणणारे होते. मी ऐकून घेत होते. बरं वाटत होतं ऐकायला. आणि मला काय म्हणायचे माहीत आहे? "शोशाम्मा म्हणजे क्रुसाखाली उभी राहिलेली मरियाच." बायका माझा हात धरून असं म्हणायच्या आणि रडायच्या. एल्दो, दुःखातसुद्धा माणूस मानाची जागा शोधतो. मला ती जागा मिळाली होती, आणि मी ती सोडायला तयार नव्हते.

मग ईस्टरआधीचा मोठा उपास आला. पहिल्या सोमवारची क्षमेची प्रार्थना तुला ठाऊकच आहे. अच्चन आधी सगळ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागतात, मग रांगेने आपण सगळे एकमेकांचे हात हातात घेतो, क्षमा मागतो, क्षमा देतो. जाऊ-नणंदा वर्षभर भांडलेल्या असतात, तेवढ्यापुरत्या गोड होतात, आणि बाहेर पडताना चपलांवरून पुन्हा जुंपते. त्या वर्षी मी गेले. बायकांच्या रांगेत शेवटी तुझी आई होती. मी तिच्या आधीच्या बाईपर्यंत हात दिले आणि तिथून सरळ दाराकडे वळले. तिचे दोन्ही हात पुढे केलेले तसेच राहिले. पैलीने पुरुषांच्या बाजूने बघितलं होतं. वाटेत म्हणाला, "शोशे, मागे एक हात राहिला." मी म्हटलं, "राहू दे."

आता पेसहाच्या गुरुवारचं सांगते, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं. हे तुला तुझ्या आईने सांगितलं नसणार. ती स्वतःचं काही सांगायची नाही. बेसिलला जाऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा आमच्या घरी पेसहाची भाकर होणार नव्हती. मरण झालेल्या घरात ती करत नाहीत, शेजारपाजारच्या घरून येते, ही रीत. मी उडीद भिजवले नाहीत, तांदूळ दळले नाहीत, नारळ फोडला नाही. संध्याकाळी पैलीने दिवा लावला, पवित्र पुस्तक काढून ठेवलं, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. कुणी येईना. मत्ताईच्या, म्हणजे माझ्या दिराच्या घरच्यांना वाटलं, चर्चजवळचे देतील. चर्चजवळच्यांना वाटलं, सख्खा भाऊ असताना आपण कशाला पुढे पुढे करा. आणि सगळ्यांना मिळून वाटलं की भाकरीचा पहिला मान जवळच्या घराचा, ते नेणारच. जवळचं घर कुठलं, हे मात्र एवढ्या शहाण्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. पैली म्हणाला, "झालं. आपल्या गावात मेजवानीला शंभर हात आणि भाकरीला एकही नाही." त्या रिकाम्या ताटाकडे बघून मला बेसिल गेल्या दिवशीपेक्षा जास्त रडू येत होतं.

तेवढ्यात पायरीवर पाऊल वाजलं. तुझी आई. केळीच्या पानाने झाकलेलं ताट हातात. पान बाजूला केलं तर वाफवलेली पांढरी भाकर, वर झावळ्यांच्या रविवारच्या पात्यांचा क्रूस. दुसऱ्या हातात गुळाच्या दुधाचं भांडं. दूध हिंदकळत होतं. म्हणाली, "शोशे, मी वाट बघितली. दुसरं कुणी येताना दिसेना म्हणून मी आले. मरणघरी भाकर यायलाच हवी." मला वाटलं ते ताट उडवून द्यावं. पण भाकरीवर क्रूस होता, हात उचलला नाही. मी म्हटलं, "ठेव तिथे कठड्यावर आणि जा." तिने ठेवली, पानाची कड नीट केली, आणि गेली.

आता आली पंचाईत. ही भाकर परत पाठवता येत नाही. टाकता येत नाही, कोंबड्यांना घालता येत नाही, तिचा कणसुद्धा जमिनीवर पडता कामा नये, हे आपल्याला पाळण्यात शिकवतात. आणि मी ती खाणार नव्हते. पैलीला म्हटलं, "तू मोड, तू खा." तो म्हणाला, "एकट्याने खायची भाकर नव्हे ही. तू बसशील तेव्हा मोडेन." पुस्तक मिटून ठेवलं त्याने. मी ताट उचलून जाळीच्या कपाटात ठेवलं. त्या घरात त्या रात्री एक भाकर होती आणि दोन माणसं उपाशी झोपली. आमच्या पिढ्यान् पिढ्यांत असं कधी घडलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुःखाचा शुक्रवार. सकाळपासून आपण चर्चमध्ये उभे असतो, वाकतो, गुडघे टेकतो, पुन्हा उठतो. त्या वर्षी माझे गुडघे आपोआप वाकत होते, मन कपाटातल्या भाकरीवर होतं. वाचन चाललं होतं. लहानपणापासून ऐकलेलं, पाठ असलेलं. खिळे ठोकताहेत, आणि तो बापाला म्हणतो, यांना माफ कर, आपण काय करतोय हे यांना कळत नाही.

एल्दो, मी आयुष्यभर हे ऐकलं होतं, पण त्या दिवशी ऐकलं. मला वाटायचं, क्षमा म्हणजे कुणीतरी पाया पडतं, रडतं, आणि मग आपण मोठेपणाने डोक्यावर हात ठेवतो. मी तुझी वाट बघत होते. तू येशील, पायांवर पडशील, मग बघेन काय करायचं ते. पण तिथे कुणी पाया पडलेलं नव्हतं. कुणी मागितलेली नव्हती. हातोडा चालू होता, रे. खाली बसून ते त्याचे कपडे वाटून घेत होते, थट्टा करत होते. आणि हा वरून क्षमा मागत होता, त्यांच्यासाठी, त्यांच्याऐवजी. ज्याच्यावर घाव पडताहेत तोच घाव घालणाऱ्याची बाजू मांडतोय. मी इकडे तिकडे बघितलं, बाकीच्या बायका शांत उभ्या होत्या. मला वाटलं, हे एवढं भयंकर मोठं काहीतरी वाचलं जातंय आणि छप्पर जागच्या जागी कसं?

आणि पुढे तो ओरडला, मला का टाकलंस म्हणून. मी खाली बसले. चर. मला तो चर दिसला. माझं पोर ज्या एकटेपणात गेलं, ते एकटेपण देवाच्या लेकाला ठाऊक होतं. ऐकून नव्हे, सोसून ठाऊक होतं. म्हणजे बेसिल तिथे एकटा नव्हता. तू निघून गेला होतास तेव्हा त्या चिखलात त्याच्या शेजारी टाकून दिलेला आणखी एक जण होता, खिळ्यांच्या हातांचा. मी रडले नाही. मला भीती वाटली, पण ती चांगली भीती होती. आपण घरातली पणती समजत होतो आणि तो सूर्य निघाला, तर कसं वाटेल, तसं झालं. आणि तसंच बसल्या बसल्या दुसरी गोष्ट कळली, ती मला नको होती. जो टाकून दिलेल्याच्या शेजारी बसतो, तोच टाकून जाणाऱ्यासाठी तोंड उघडतो. एकाच क्रुसावरून, एकाच श्वासात. मी एक घेईन आणि दुसरं नाकारीन, असं करता येत नव्हतं. बेसिलसाठी तो हवा असेल तर एल्दोसाठीही तोच होता.

मग मला ते शिपाई आठवले. त्यांनाही आया असतील. संध्याकाळी घरी गेले असतील, हाताला रक्त असेल. आई म्हणाली असेल, हातपाय धू, जेवायला बस. तिला माहीत असेल का? आणि माहीत झालं तर तिने काय केलं असेल? मान वळवून बघितलं. तुझी आई शेवटच्या खांबाशी उभी होती, एकटी, तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली. बायका मला मरिया म्हणत होत्या. पण त्या शिपायाची आई कुठे उभी राहिली असेल, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

क्रूस उतरवला, गुलाबपाण्याने धुतला, कापसात आणि पांढऱ्या कापडात गुंडाळला, ऊद फिरवला, वेदीमागे नेऊन ठेवला. बेसिललाही असंच गुंडाळलं होतं. मग आम्ही कडू रसासाठी रांगेत उभे राहिलो, क्रुसावर त्याला पाजला त्याची आठवण म्हणून देतात तो. चर्चची देखभाल करणारा कप्यार एकाच पेल्यातून सगळ्यांना देत होता, अच्चनना, पैलीला, गावच्या श्रीमंतांना, मला. सगळ्यांची तोंडं सारखीच वाकडी होत होती. मी प्यायले आणि बाजूला न होता तिथेच उभी राहिले. कप्यार म्हणाला, "चेडत्ती, आवडलं का? आणखी देऊ?" मी म्हटलं, "गप बस, माझं माणूस यायचंय." रांगेच्या टोकाला तुझी आई आली. ती प्यायली. मी तिचा हात धरला. दोन्ही हात धरले. क्षमेच्या सोमवारी राहिलेले ते. क्षमा मागायची कुणी आणि द्यायची कुणी, ते काही ठरलं नाही. तोंड इतकं कडू होतं की दोघींनाही बोलता आलं नाही.

अंगणात पेज, मूग आणि कैरीचं लोणचं वाढलं. आम्ही शेजारी बसलो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी विचारलं, "एले, काल तुझ्या घरी भाकर कुणी मोडली?" ती पानात बघत म्हणाली, "मोडायला घरात कुणी नाही, म्हणून एकच केली. ती तुला दिली." घास माझ्या हातात राहिला. पेसहाच्या दिवशी तिने भाकर केली आणि स्वतः एक तुकडाही खाल्ला नव्हता. मी पैलीला उठवलं. घरी गेले, कपाटातून ताट काढलं, आणि आम्ही तिघं तुमच्या घरात बसलो. पैलीने गुरुवारची भाकर शुक्रवारी मोडली. नंतर अच्चनना भीत भीत सांगितलं, तर म्हणाले, "चालीरीतीच्या पुस्तकात हे नाही, पण शुक्रवारच्या गोष्टीत आहे." आणि भाकरीत लसूण जास्त होता, एल्दो. तुझी आई लसूण नेहमी जास्तच घालायची. मी तिला ते तिथेच सांगितलंही. ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "कालच खाल्ली असतीस तर एवढा लागला नसता."

त्यानंतर आम्ही दोघी रोज भेटायला लागलो. सगळं गोड झालं असं समजू नकोस. कधी कधी मी मध्येच उठून घरी यायची, दार लावून घ्यायची. नाताळची गाणी सुरू झाली की मला कुणाचं तोंड बघवत नसे. तिला कळायचं, ती वाट बघायची. ती तुला भेटायला बसने यायची, तेव्हा केळीचे वेफर मी तळून द्यायची. तुला ते माहीत नव्हतं. तिला म्हणायची, "सांगू नकोस, घशाखाली उतरायचे नाहीत त्याच्या." तिच्या आजारपणात मीच तिचे केस विंचरले. गेल्या पावसाळ्यात ती गेली तेव्हा उशाशी मी होते. एकदाच डोळे उघडून म्हणाली, "शोशे, किल्ली." मी किल्ली कंबरेला खोचलेली दाखवली. त्यावर तिने डोळे मिटले.

तू मातीला आलास पोलिसांबरोबर. मान खाली घालून उभा राहिलास, कुणाकडे बघितलं नाहीस. जाताना पडवीत तुला कुणीतरी काळ्या कॉफीचा ग्लास दिला, तू न बघता घेतलास, न बघता परत दिलास. तो हात माझा होता, एल्दो. तेव्हा बोलायचं होतं, पण पोलिसांना घाई होती, आणि मला शब्द सुचले नाहीत. आता सुचलेत ते लिहिते. मी तुला क्षमा केली आहे. ती माझ्या पदरची नाही, माझ्याकडे एवढी नव्हती. ती मला वरून मिळाली, मी फक्त पुढे देते आहे. बेसिल मला अजून रोज आठवतो, रोज दुखतो. तरीही दिली आहे, आणि परत घेणार नाही.

आता का लिहिलं ते सांगते. तुमच्या घरात मरण झालंय, वर्ष उलटलेलं नाही. यंदा तुमच्याकडे पेसहाची भाकर होणार नाही, ती शेजारघरून यायची. जवळचं घर माझं. या वेळी मी कुणावर विसंबून राहणार नाही, उडीद बाजूला काढून ठेवलेत, झावळीची पाती मागून ठेवलीत. गुरुवारी तिन्हीसांजेला मी आणि पैली ताट घेऊन तुमच्या पायरीवर येऊ. भाकर घरच्या कर्त्याने मोडायची असते, आणि त्या घराचा कर्ता आता तू आहेस. दाराला कुलूप असलं तर मी काय करू, सांग. टाकता येत नाही, परत नेता येत नाही. म्हणून कुर्गला नंतर जा, जायचंच असेल तर. आधी घरी ये. किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे यावं लागेल ते माझ्याच दाराशी. काय बोलायचं याचा वाटेत विचार करत बसू नकोस, पाया पडू नकोस. विहिरीवर हातपाय धू आणि जेवायला बस. उपास सुटला की शेपटीचा तुकडा काढून ठेवते.

तुझीच,
अम्मच्ची